बत्तीस बाइट्ससाठी अडलेली पेटी

महापेच्या आमच्या ऑफिसात वीजमीटरचं रीडिंग गोळा करणारी एक छोटी पेटी बनते. चालू झाली की ती आधी स्वतःची गुप्त डिजिटल चावी तयार करते आणि त्यासाठी लिनक्स कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे) 32 रँडम, म्हणजे अंदाज न येणारे, बाइट्स मागते. कोडमध्ये हे एका ओळीचं काम. गेटरँडम हा सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे थेट मागणी करायची सोय, 2014 साली 3.17 कर्नलबरोबर आला. फाइल उघडा, डिस्क्रिप्टर सांभाळा, अशी कटकट त्यात नाही.

मग तक्रारी सुरू झाल्या. वीज जाऊन आली की बसवलेल्या पेट्या उठत नाहीत. ऑफिसात आणून सिरियल केबल लावली की कार्टी गुपचूप चालू! शेवटी लक्षात आलं की बूट होत असताना आपण सवयीने एंटर दाबत बसतो. हात मांडीवर ठेवून बघितलं तर पेटी ढिम्म. प्रोग्राम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणाऱ्या स्ट्रेस (strace) टूलमध्ये शेवटची ओळ गेटरँडमची, कंस उघडलेला आणि पुढे काहीच नाही. 'सीआरएनजी इनिट डन' (कर्नलचा रँडम जनरेटर तयार) हे कन्सोलवर उमटेपर्यंत चहा येऊन निवला होता.

सीड, म्हणजे रँडम बाइट्स ज्यापासून बनतात ते बीज, तयार होईपर्यंत कर्नल थांबवतो, ते योग्यच आहे. पण सीड जमतं ते इंटरप्टच्या (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेल्या हाकांच्या) वेळांमधल्या बारीक फरकांतून. कीबोर्ड, डिस्क, नेटवर्क यांची वर्दळ लागते. आमच्या पेटीला कीबोर्ड नाही, डिस्क नाही आणि त्या घटकेला नेटवर्कही उठलेलं नसतं. माझं एंटर हाच तिचा खुराक होता.

ऑफिसात ज्याला त्याला एकच उपाय सुचत होता: "अगं, यूरँडम वाच ना, ते थांबत नाही." यूरँडम म्हणजे रँडम बाइट्स देणारी कर्नलची फाइल. थांबत नाही, तेच तर दुखणं. बूटच्या सुरुवातीला सीड नसतानाही ते बाइट्स देऊन मोकळं होतं. 2012 साली संशोधकांना इंटरनेटवरच्या राउटर-फायरवॉलसारख्या कितीतरी उपकरणांत सारख्या किंवा फोडता येण्याजोग्या चाव्या सापडल्या, त्यामागे हेच मोठं कारण होतं. आणि हो, फॅक्टरीच्या इमेजमध्ये तयार सीड फाइल टाकू नका, सगळ्या पेट्यांना तेच सीड जातं. शिवाय फाइल नुसती यूरँडममध्ये ओतली तर ती मिसळली जाते, पण कर्नल ती हिशेबात धरत नाही. त्यासाठी वेगळा आयऑक्टल (कर्नलला द्यायची खास आज्ञा) आहे.

आता पेटीतला सर्किट बोर्ड पुरवणारे. त्यांचा कर्नल 4.19. कर्नल 5.4 पासून अशा वेळी प्रोसेसरच्या वेळेतल्या चढउतारांतून स्वतःच सीड जमवतो, म्हणून नवा कर्नल मागितला. उत्तर आलं, "रीस्टार्ट करून बघा." मग लॉग मागवला. पाठवला. मग तोच लॉग पुन्हा मागवला. दरम्यान चिपचं डेटाशीट चाळलं तर आत हार्डवेअर रँडम जनरेटर बसलेला! यांनी कॉन्फिगमध्ये त्याचा ड्रायव्हरच बंद ठेवला होता. फोनवर विचारलं तर म्हणे, "मॅडम, कोणी मागत नाही."

ड्रायव्हर चालू केला. त्या जनरेटरची एचडब्ल्यूआरएनजी फाइल वाचून पाहिली, बाइट्स धो धो येत होते. पेटी मात्र तशीच अडलेली. डोकं फिरायची वेळ आली. ठाणे लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर ड्रायव्हरचा सोर्स वाचला तेव्हा कोडं सुटलं: ड्रायव्हरने क्वालिटी, म्हणजे जनरेटरच्या बाइट्सवर किती भरवसा ठेवायचा तो आकडा, सांगितलीच नव्हती आणि जुन्या कर्नलमध्ये न सांगितलेली क्वालिटी म्हणजे शून्य. शून्य असली की कर्नल त्या जनरेटरकडून स्वतःहून काही घेतच नाही. हा डिफॉल्ट 6.2 मध्ये बदलला. आमच्यापुरतं बूट पॅरामीटरमध्ये आरएनजी-कोरची (हार्डवेअर जनरेटर सांभाळणाऱ्या कर्नलच्या भागाची) डिफॉल्ट क्वालिटी 1024 पैकी 1000 लिहिली. पेटी फटकन उठली, केबल न लावता. खरं सांगते, त्या दिवशी ऑफिसात मी जरा तोऱ्यातच फिरत होते.

तुमचं बूट अडत असेल तर आधी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) ती 'इनिट डन'ची ओळ किती सेकंदांनी आली ते बघा. गेटरँडमला नॉनब्लॉक फ्लॅग ('थांबू नको' ही खूण) लावून बघितला तरी चालेल, सीड तयार नसेल तर ईअगेन ('पुन्हा प्रयत्न कर' ही एरर) मिळतं. पण ते मिळालं म्हणून कोडमध्ये गुपचूप टाइमस्टँपवरून चावी बनवू नका. बोर्डवाल्यांकडचं आमचं तक्रारीचं तिकीट अजून 'तपासणी सुरू' असंच दाखवतंय.