अंतरपाट खाली गेला आणि फ्लॅश उडालाच नाही

मे महिन्यातलं कराडचं लग्न, मुहूर्त दुपारी १२.३५ चा, मी मुलीकडचा फोटोग्राफर. स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्टँडवर एकेक फ्लॅश लावला होता, दोन्ही ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे कॅमेऱ्यावरचा फ्लॅश अगदी कमी पॉवरवर ठेवायचा, तो चमकला की त्याचा उजेड बघून हे दोन्ही उडतात. कॅमेऱ्यावरून सिग्नल पाठवणारा वेगळा ट्रिगर नको, फ्लॅशला तो पकडणारा रिसीव्हर नको. सकाळी हळदीला एक नंबर चाललं सगळं.

११ वाजता वऱ्हाड आलं आणि त्यांच्याबरोबर त्यांचा फोटोग्राफर.

शेवटचं सावधान झालं, वाजंत्री सुरू झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली गेला, दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मी धडाधड सहा फोटो काढले. स्क्रीनवर बघतो तर पाचात चेहरे अंधारात आणि मागच्या खिडक्या पांढऱ्याफटक. सहावा उजळ आला पण तोपर्यंत नवरीने मान खाली घातलेली. परत अंतरपाट धरायला लावून पोझ घेणारे लोक आहेत, मी नाही घेत, ती नजर दुसऱ्यांदा येतच नाही. पोटात गोळा आला अक्षरशः.

तेवढ्यात तो दुसरा फोटोग्राफर आला, म्हणाला, "दादा, माझे फोटो डावीकडून बर्न होतायत, पांढरे पडतायत, तुमचा फ्लॅश माझ्यावर उडतोय का?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्लेव्हला उजेड दिसला की तो उडतो, उजेड कुणाचा ते त्याला कळत नाही. त्याच्या प्रत्येक क्लिकला माझे दोन्ही फ्लॅश फुल पॉवरवर उडत होते आणि पेन्सिल सेलवर फ्लॅश पुन्हा चार्ज व्हायला चार-पाच सेकंद लागतात, मी बटण दाबायचो तेव्हा ते रिकामेच असायचे.

बॅगेत ४३३ मेगाहर्ट्झचा स्वस्तातला रेडिओ ट्रिगर पडून होता, कन्यादानाची तयारी चालू होती तेवढ्यात दोन्ही रिसीव्हर जोडले, टेस्ट मारली, तर माझ्या टेस्टला त्या फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला! त्याच्याकडेही तसाच सेट आणि दोघांनीही चॅनल कधी बदललेलाच नव्हता, आला तसा वापरतोय. चॅनलसाठी रिसीव्हरवर तांदळाएवढी चार बटणं असतात, वरखाली करून १६ चॅनल मिळतात, पण नख काही केल्या आत जाईना. नवरीच्या मावशींनी बघितलं, बांगडीतली सेफ्टी पिन काढून हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "परत द्या हं, साडी सुटतीय कुणाची ना कुणाची." त्या पिनेने ट्रिगर आणि दोन्ही रिसीव्हरचं तिसरं बटण खाली ओढलं. पुढच्या टेस्टला फक्त माझे उडाले.

तरी पहिल्याच फोटोला खाली काळी पट्टी आली. मी सवयीने १/२५० सेकंदाच्या शटर स्पीडवर होतो आणि हा स्वस्त ट्रिगर सिग्नल किंचित उशिरा पोचवतो, तोपर्यंत शटरचा दुसरा, म्हणजे बंद करणारा पडदा निघालेला असतो. १/१६० वर आलो, पट्टी गेली, कन्यादान आणि सप्तपदी व्यवस्थित मिळाली.

नंतर मी २.४ गिगाहर्ट्झची रेडिओ ट्रिगर सिस्टिम घेतली. कुणी विचारलं तर मी रेंजबद्दल बोलतच नाही, कार्यालयात ३० मीटरच्या पुढे जातो कोण. बघायचं ते हे की ३२ चॅनल आहेत का आणि वर आयडी नंबर टाकता येतो का, म्हणजे शेजारच्याचा चॅनल तोच निघाला तरी आयडी वेगळा असला की फ्लॅश फक्त आपलंच ऐकतो. रिसीव्हर फ्लॅशच्या आतच असलेला बरा, लोंबकळणारी वस्तू आणि जास्तीचे सेल कमी. पॉवर कॅमेऱ्यावरून बदलता यायला हवी, पुजेच्या मधे स्टँडकडे पळता येत नाही. टीटीएलसाठी, म्हणजे कॅमेरा स्वतःच फ्लॅशची पॉवर ठरवतो त्या सोयीसाठी, जास्त पैसे घालू नका असं मी सांगेन, मांडवात फ्लॅश एका जागी आणि माणसंही एका जागी, मॅन्युअलच बरं पडतं.

अंतरपाटाचा फोटो शेवटी त्या दुसऱ्या फोटोग्राफरने दिला. त्याने रॉ, म्हणजे सेन्सरचा सगळा डेटा ठेवणाऱ्या फाइलमध्ये काढलेला म्हणून एक्स्पोजर खाली ओढता आलं. डावीकडून माझ्याच फ्लॅशचा उजेड आहे त्यात, नवरीच्या मुंडावळ्या आणि हवेतल्या अक्षता स्पष्ट दिसतात. मुलीकडच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर तोच लावला, त्याला विचारून.