तिसऱ्या जेवतात कशा?
गोव्यातील झुआरी नदीच्या पात्रात ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, वेचणारी माणसे अनेकांनी पाहिली असतील. पण वाळूत रुतलेला हा जीव जेवतो कसा, याकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. पाणी चढले की तो दोन नळ्या वर काढतो, एकीतून पाणी आत ओढतो, कल्ल्यांवरील सूक्ष्म केसांच्या साहाय्याने त्यातील वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) व सेंद्रिय कण चिकट स्रावात अडकवतो आणि गाळलेले पाणी दुसरीतून सोडून देतो. मुखाजवळच्या ओठांसारख्या पाळ्या त्यातही निवड करतात आणि नकोसा गाळ पोटात न जाता आल्या वाटेनेच परत जातो. मला तरी हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. पावसाळ्यात पाणी फारच गोडे झाले, की शिंपले मिटतात आणि खाणे थांबते. पाणी गाळताना सांडपाण्यातील जिवाणूही अंगात साठत असल्यामुळे, तिसऱ्या कुठल्या पाण्यातल्या, हे मी बाजारात आवर्जून विचारतो.