पी०२९९: घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं

पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब (बूस्ट) कमी पडतोय असं सांगणारा ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) कोड, एकदाचा पकडला. टर्बो धडधाकट, वेस्टगेट (टर्बोचा जोर आवरणारी झडप) धडधाकट, मॅपही (ईसीयूतली ट्यूनिंगची फाइल) ठीक. इंटरकूलरकडून (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या पाइपच्या क्लिपवाल्या जोडातली ओ-रिंग (सील करणारं रबरी कडं) मेली होती. नाना पेठेत चहाच्या पैशांत मिळणारी वस्तू, आणि तिच्यापायी प्रकरण नव्या टर्बोच्या कोटेशनपर्यंत गेलं होतं.

गाडी तीच, मागच्या अपडेटमधली: एक लिटर, तीन सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन, स्टेज वन (ताकद वाढवायला फक्त नवा मॅप, म्हणजे रिमॅप), कंपनीची वॉरंटी चालू. पसरणी घाटात तिसऱ्या गिअरला पूर्ण लोडवर लिम्प मोड (इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कापतं), किल्ली बंद-चालू केली की पुन्हा शहाणी. पुण्यात सपाटीवर कधीच नाही. मागच्या अपडेटमध्ये हे लिहिल्यावर बहुतेकांचं म्हणणं पडलं की मॅप फार कडक लिहिलाय. वरवर पाहता तेच पटत होतं. बाहेरच्या हवेचा दाब धरून बूस्टची मागणी २.१ बार अ‍ॅब्सोल्यूट आहे. पुण्यात बाहेरची हवाच साधारण ०.९५ बार, म्हणजे टर्बोला ती २.२ पट दाबावी लागते. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा ०.८६ च्या आसपास, तिथे तेवढ्याच बूस्टसाठी जवळजवळ २.४५ पट. छोट्या टर्बोला हा फरक फार जड जातो. मीही मनातल्या मनात ‘उंचीचा दोष’ म्हणून फाइल बंद करत आणली होती.

पण लॉग (गाडी चालताना नोंदवलेले आकडे) पटत नव्हता. मागणी २.१, प्रत्यक्षात १.८५ ला घुटमळतंय आणि वेस्टगेट ड्यूटी (ईसीयू वेस्टगेट किती बंद ठेवायला सांगतोय तो आकडा) ९५ टक्क्यांना चिकटलेली. म्हणजे ईसीयू जीव तोडून हवा मागतोय, टर्बो गरगर फिरतोय आणि हवा मध्येच कुठेतरी निसटतेय. नुसती उंची असती तर घाटाच्या पायथ्याशी आकडे जुळले असते. तिथेही शंभरेक मिलीबारची तूट होतीच, फक्त कोड टाकण्याइतकी नव्हती.

मग स्मोक टेस्ट, म्हणजे पाइपांत धूर सोडून गळती शोधणं. रिपोर्ट: एकदम टाइट. इथे जरा तोंड सोडतो. गॅरेजमधली बहुतेक स्मोक मशिन धूर सोडतात ती जेमतेम दाबाने. व्हॅक्यूमची गळती शोधायला उत्तम, बूस्टची गळती शोधायला निरुपयोगी, कारण बूस्टचा जोड एक बारचा दाब आला की मगच तोंड उघडतो. ज्या मिस्त्रींकडे मी वर्षानुवर्षं जातो ते धूर बघून हसलेच. म्हणाले, “साहेब, ट्यूबचं पंक्चर कधी बिनहवेचं सापडतं का? दाब द्या दाब.”

दाब द्यायला लागणारा प्लग बाजारात तयार मिळतो आणि त्याची किंमत ऐकून राग येतो. हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीचा एंड कॅप आणला, त्याला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला. एअर फिल्टरचा पाइप काढून कॅप टर्बोच्या तोंडाशी, वर दोन होज क्लॅम्प. कॉम्प्रेसरचा रेग्युलेटर आधी अगदी खाली ठेवून हळूहळू एक बार गेजपर्यंत (बाहेरच्या हवेहून एक बार जास्त), त्यापुढे नाही. करून बघणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पीसीव्हीचा (क्रँककेसमधली तेलकट वाफ परत इंजिनात नेणाऱ्या झडपेचा) रस्ता बंद केला नाही तर सगळा दाब क्रँककेसमध्ये जाईल आणि ऑइल सील बाहेर यायला बघेल. आणि व्हॉल्व्ह उघडे असलेल्या सिलिंडरमधून थोडी हवा जाणारच, ती सुरसुर ऐकून घाबरू नका.

साबणाचं पाणी मारलं. सगळे जोड कोरडे. दाब पूर्ण असताना मिस्त्रींनी इंजिनाला हाताने एक हेलकावा दिला, तेव्हा खालच्या जोडाला साबणाचा फेस आला. सोडलं की बंद. पूर्ण टॉर्कवर इंजिन माउंटवर कलतं आणि पाइप ओढला जातो, तेव्हाच हा जोड गळत होता. पाइप उतरवला तर बाहेरच्या बाजूला तेलकट धुळीचा पंखा उमटलेला. हवेबरोबर पीसीव्हीची तेलाची वाफ बाहेर पडायची, तिच्यावर घाटातली धूळ बसायची. ओ-रिंग एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला पट्टीसारखी सपाट, आणि नखाने दाबली की खळी तशीच राहायची.

नवीन रिंग नायट्रिल रबराची घेऊ नका. वायटन मागा. दुकानदार “सगळं एकच असतं” म्हणतो, ते एकच नसतं. तेलाची वाफ आणि उष्णता दोन्ही सोसायची तर वायटनच. रिंग बसली, त्याच घाटात त्याच गिअरला लॉग घेतला: मागणी २.१, हजेरी २.०८, ड्यूटी सत्तरीत. हा ग्राफ मी दिवसभर पुन्हा पुन्हा उघडून बघत होतो.

आता खरी गोम. रिमॅपच्या आधी घेतलेले स्टॉक लॉग माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. ते आज नीट लावून पाहिले. स्टॉक मॅपवरही त्याच घाटात वेस्टगेट ड्यूटी महिन्यागणिक चढतच होती. बूस्ट पुरा मिळायचा, कारण कंपनीच्या मॅपमध्ये टर्बोला भरपूर हात राखून ठेवलेला असतो. गळती होती, पण ती त्या राखीव साठ्यात झाकली जायची. स्टेज वनने तो साठा खाल्ला आणि गळती उघडी पडली. म्हणजे दोष कंपनीच्या सुट्या भागाचा, तोही ट्यूनच्या आधीचा.

मग वॉरंटीत का नाही नेली? कारण पी०२९९ सोबत ईसीयू फ्रीझ फ्रेम साठवतो. कोड पडला त्या क्षणाचा आरपीएम, लोड, तापमान, आणि कंपनीच्या टूलने वाचलं तर बूस्टची मागणीसुद्धा. २.१ बारची मागणी बघितल्यावर सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरला आणखी काही विचारायची गरजच उरत नाही. पुढे लॅपटॉप ऑनलाइन जोडला की फ्लॅश काउंटर (ईसीयूत फाइल किती वेळा लिहिली त्याची मोजणी), सॉफ्टवेअरची जुळणी, सगळं आलं. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांना लागणारा ‘टीडी१’ शिक्का, म्हणजे ‘इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललंय’ अशी कंपनीच्या नोंदीतली खूण, तर सगळ्यांना माहीतच आहे. तो एकदा लागला की इंजिन-गिअरबॉक्सचा पुढचा क्लेम त्याच नजरेने बघितला जातो. स्टॉक फाइल परत टाकली तरी काउंटर मागे फिरत नाही.

अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा भाग लावला एवढ्यावर तिथे वॉरंटी सरसकट झटकता येत नाही, बिघाड त्याच भागामुळे झाला हे दाखवावं लागतं. आपल्याकडे खास असा कायदा नाही. वॉरंटी बुकलेटमधली कलमं, आणि फार तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोग. म्युझिक सिस्टिम बदलली म्हणून सस्पेन्शनचा क्लेम नाकारला तर जरूर भांडा. पण रिमॅप केलेल्या गाडीच्या बूस्ट पाइपसाठी माझे लॉग घेऊन आयोगाची पायरी चढायची? ओ-रिंगपेक्षा झेरॉक्सचा खर्च जास्त.

विम्याची आशाही ठेवू नका. आपल्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत यांत्रिक बिघाड मुळातच वगळलेला असतो, ट्यून असो वा नसो. पिस्टनची लँड (रिंगांमधली कड) तुटली तर ना कंपनी, ना विमा. आणि बदल न कळवता अपघाताचा क्लेम केला तर सर्व्हेअरच्या हातात आयतं कोलीत.

“पिगीबॅक बॉक्स लाव, खूण राहत नाही” हा सल्ला यावेळीही आला. फ्लॅश काउंटर वाढत नाही हे खरं. पण सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसणारा तो बॉक्स बूस्ट सेन्सरचा आकडा कमी करून ईसीयूला गंडवतो. माझ्या गाडीवर तो असता तर लॉगमधले आकडेच खोटे आले असते, आणि ही गळती मी अजून शोधत बसलो असतो.

हे लिहिताना स्कॅनर हाताशी होता म्हणून मोड ०९ (ईसीयूतल्या सॉफ्टवेअरची ओळख सांगणारा भाग) वाचला. कॅलिब्रेशन आयडी (फाइलचा ओळख-क्रमांक) स्टॉकचाच आहे, पण सीव्हीएन बदललेला. सीव्हीएन म्हणजे त्या फाइलवरून ईसीयूने काढलेला चेकसम, फाइल बदलली की बदलणारा आकडा. तो कुठलाही बरा जेनेरिक स्कॅनर वाचतो, कंपनीचं टूल लागत नाही. (स्वस्तातले ईएलएम३२७ क्लोन स्कॅनर इथे हमखास गचकतात.) काही ट्यूनर सीव्हीएनही जुनाच दिसेल अशी सोय करून देतात. मला ते नको. गाडी ट्यून्ड आहे, हे विचारलं तर सांगायचं आणि इंजिनाचा खर्च स्वतः सोसायचा, हा हिशेब मी फ्लॅश करण्याआधीच मांडला होता. खोटा सीव्हीएन लावून क्लेम मागणं ही सरळ फसवणूक आहे.

स्टेज टूचं (मॅपसोबत सुटे भागही बदलायची पुढची पायरी) सांगायचं तर डाउनपाइप (टर्बोनंतरचा, कॅटॅलिस्ट असलेला एक्झॉस्ट पाइप) बदलणं रद्द. एप्रिल २०२३ नंतरच्या बीएस६ च्या दुसऱ्या टप्प्यातल्या गाड्यांत ओबीडी (गाडीची स्वतःची तपासणी यंत्रणा) कॅटॅलिस्टवर (धूर स्वच्छ करणाऱ्या भागावर) कडक नजर ठेवतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या १८२ए(४) मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. त्याऐवजी मोठा इंटरकूलर घ्यायचा, असं हा अपडेट लिहायला बसलो तेव्हा ठरलं होतं. पण वरचे उंचीचे आकडे मांडताना वाटलं, पैसे तिथेही नकोत. आधी ट्यूनरकडून मॅपमध्ये दोन सुधारणा: बाहेरचा दाब कमी झाला की बूस्टची मागणी आपोआप उतरवणारा तक्ता पुन्हा स्टॉकच्या जवळ आणायचा, आणि १८०० आरपीएमखालचा टॉर्क कापायचा. खालच्या आरपीएमला जादा लोड म्हणजे एलएसपीआयला (कमी आरपीएमला ठिणगीआधीच इंधन पेटणं) आमंत्रण, छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोंचे पिस्टन त्यानेच जातात. ऑइल त्याला अटकाव करणाऱ्या एपीआय एसपी ग्रेडचंच घालतोय, पण तेवढ्यावर विसंबणं बरं नाही.

ट्यूनरशी बोललो. “तळातला दणका जाईल हं,” म्हणाला. जाऊ दे म्हटलं. फाइल आली की पसरणीचे तिन्ही लॉग एकाच ग्राफवर टाकतो. याच इंजिनाची अजून न छेडलेली गाडी कुणाकडे असेल तर फ्लॅश करायच्या आधी मोड ०९ चा स्क्रीनशॉट आणि घाटातला वेस्टगेट ड्यूटीचा लॉग काढून मला पाठवा, तीच ओ-रिंग तुमच्याकडेही सपाट होत आलीय का ते त्यातून दिसेल.