लोणच्याचा हात आणि भाडेकरार

शनिवार, 31 मे 2025

यंदा पावसाने लोणच्याचं सगळं गणित बिघडवलं. मान्सून 26 तारखेलाच पुण्यात हजर, आणि मी आपली राजापुरी कैरी जरा उतरायची वाट बघत बसलेली. शेवटी काल मंडईतून आणली, तिथेच फोडून घेतली. उन्हाचा पत्ता नाही, म्हणून फोडी रात्रभर आमच्या पलंगावर, जुन्या धोतरावर पसरून पंख्याखाली. हे बिचारे बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपले.

पहाटे उठून एकेक फोड पुसली, कोयीचे पापुद्रे काढले. अशा दमट हवेत बुरशीला निमित्तच हवं असतं, त्यामुळे मिठाला मी हात आखडत नाही. किलोभर फोडींना पाव किलो. "आई, बाबांचं बीपी!" असं लेक दर वर्षी ओरडते आणि दर वर्षी पहिली बरणी तीच पळवते. मीठ-हळद चोळून फोडी झाकल्या, मोहरीची डाळ बारीक केली, तेल धूर येईस्तोवर तापवून गार करत ठेवलं. कामवाली आलीच नाही, म्हणजे भांडीही माझ्याच गळ्यात. यांना पोळी-भाजी झाकून ठेवली आणि दहाला कर्वेनगर गाठलं.

लेकीच्या नव्या घराचा भाडेकरार होता. नात्यातल्या सगळ्यांचा एकच प्रश्न, गावात आईबापाचं घर असताना भाडं कशाला भरायचं? पेठेतल्या आमच्या दोन खोल्या, हिचे परदेशातले कॉल रात्री अकरापर्यंत, आणि यांचं घोरणं. हे सांगितलं की लोक गप्प बसतात. खरं तर तिला स्वतःचं बिऱ्हाड हवंय, मला एवढं कारण पुरे आहे. पण ते लोकांना पुरत नाही, म्हणून घोरणं पुढे करायचं.

घरमालक तसे सज्जन, पण मुरलेले. चहा होताच म्हणाले, "नोंदणीबिंदणी कशाला? स्टँप पेपरवर नोटरी करून टाकू, खर्च वाचेल." मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलाखालून माझ्या पायावर पाय पडला. "काका, नोटरी चालत नाही," लेक म्हणाली, "1999च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 55 आहे. अकरा महिन्यांचा करारसुद्धा नोंदवावाच लागतो, आणि जबाबदारी मालकाची असते. नाही केला तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद." आवाज चढवला नाही, हसली नाही, बिस्किटाचा तुकडा चहात बुडवला. काका म्हणाले, "तसं मीही नोंदणीच म्हणत होतो." भाडं 18 हजार, अनामत 50 हजार. मुद्रांक शुल्क पाचशेच्या आसपास, नोंदणीचे हजार, वर एजंटची फी. खर्च अर्धा-अर्धा ठरला. मी असते तर सगळा भरून मोकळी झाले असते, वर "असू दे हो" म्हटलं असतं.

मग एजंट पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. साक्षीदार मी आणि तिची मैत्रीण. माझा अंगठा काही उमटेना. "मावशी, पुसून लावा." पुसला. "केसांवरून फिरवा, जरा तेलकट होईल." फिरवला. वर्षानुवर्षं भांडी घासून रेषा राहिल्यात कुठे, त्यात आज नखांपर्यंत हळद. यंत्राची काच पिवळी झाली. पोरगा आपल्या रुमालाने ती पुसतोय आणि लेक तोंड फिरवून हसतेय! शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली कामाला. कॅमेऱ्यात बघा म्हणाला, बघितलं. फोटो असा आलाय की मालकांनी घाबरून भाडं कमी करावं.

ते गेल्यावर पदर खोचला. ओटा सोड्याने घासला, फडताळात कागद घातले. ती खिडक्या पुसत होती. मी नेलेल्या पोत्यातून तिने कुकर, दोन पातेली, पोळपाट-लाटणं आणि मिसळणाचा डबा ठेवून घेतला. परात, पुरणयंत्र, सोऱ्या सगळं परत. "अगं, चकली कधी करावीशी वाटली तर?" "तर तुझ्याकडे येईन." यावर काय बोलणार? पुरणयंत्राचं ओझं मात्र पीएमटीत मलाच सांभाळावं लागलं, कारण तिची मीटिंग होती.

घरी आले तर तेल छान गार झालेलं. हिंग, मेथी, तिखट, मोहरीची डाळ कालवली, फोडी घातल्या, बरण्या भरल्या. यांनी चवीला म्हणून तीन फोडी खाल्ल्या आणि मीठ जास्त आहे म्हणाले. रात्री पिठलं-भातावर भागवलं.

आत्ता तिचा मेसेज आलाय. मोरीचा नळ गळतोय, पण उद्या येऊ नकोस, प्लंबर तीच बघणार आहे. परवा ये, आणि येताना झारा आण. झारा त्या पोत्यातच होता. तिनेच परत पाठवला.