पीएचडीचा विभाग मोजायचा तर आत आलेल्यांपासून मोजा

एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांच्या क्रमवारीत किती पीएचडी पूर्ण झाल्या याला गुण असतात, त्यामुळे मुंबईतल्या बहुतेक विभागांत हा आकडा दरवर्षी नीट जमवला जातो. जे अर्ध्यावर सोडून गेले त्यांचा आकडा मात्र सहसा कुणी विचारत नाही. संशोधक घडवण्यासाठी विभाग कसा आहे, हे जाणून घ्यायचं असेल तर मोजणी प्रवेशाच्या रजिस्टरपासून सुरू करावी लागते.

प्रत्येक प्रवेशवर्षाचा वेगळा तक्ता करा. एका संशोधक विद्यार्थ्याला एक ओळ. रकाने तारखांचे: प्रवेश, कोर्सवर्क पूर्ण, विषयमंजुरी, आरएसीच्या (संशोधन सल्लागार समितीच्या) बैठका, प्रबंधाचा सारांश, प्रबंध सादर, रेफरींचे (प्रबंध तपासणाऱ्या परीक्षकांचे) अहवाल, व्हायवा (तोंडी परीक्षा). सोडून गेलेल्यांची तारीख आणि कारण त्याच ओळीत. घड्याळ प्रवेशाच्या तारखेपासून चालू करायचं. काही ठिकाणी ते विषयमंजुरीपासून धरतात, म्हणजे मधले सहा-आठ महिने कागदावरून गायबच होतात. पूर्णवेळ आणि अंशकालीन यांचे तक्ते निराळे ठेवा. मुंबईत हे फार महत्त्वाचं, कारण इथले कितीतरी संशोधक वसई, कल्याण, पनवेलच्या कॉलेजांत दिवसभर शिकवतात आणि उरलेल्या वेळात प्रबंध लिहितात. दोघांची सरासरी एकत्र काढली तर ती दोघांपैकी कुणाचंच खरं सांगत नाही.

सरासरीतच मोठी फसगत होते. समजा, एका वर्षी बारा जणांनी प्रवेश घेतला. सहा वर्षांनी पाच जणांना पदवी मिळाली, तिघांनी सोडलं, चौघे अजून आहेत. पदवी मिळालेल्या पाचांची सरासरी पावणेपाच वर्षं येईल आणि अहवालात छान दिसेल. पण रखडलेले चौघे त्या सरासरीत नाहीतच. उलट, ज्या वर्षी विभाग नेटाने जुनी प्रकरणं मार्गी लावतो, त्या वर्षी दहा वर्षांचे प्रबंध बाहेर पडतात आणि सरासरी बिघडते. म्हणजे चांगल्या कामाची शिक्षा. म्हणून प्रश्न असा विचारा: त्या वर्षी आलेल्यांपैकी चार, पाच, सहा वर्षांनी किती टक्क्यांनी प्रबंध सादर केला? अजून चालू असलेल्यांना ‘अद्याप नाही’ म्हणून हिशोबात ठेवा. संख्याशास्त्र विभागात विचारलंत तर अपूर्ण राहिलेल्यांनाही हिशोबात धरणाऱ्या कॅप्लन-मायर पद्धतीने याचा आलेख कुणीही काढून देईल.

तक्ता हाती नसेल तर एक झटपट गणित आहे. विभागात 36 जणांची नोंदणी आहे, वर्षाला चार पदव्या होतात आणि नवे प्रवेश दरवर्षी साधारण सारखेच असतात. कुणीच सोडत नसेल तर सरासरी मुक्काम 36 भागिले 4, म्हणजे नऊ वर्षं. विभाग म्हणत असेल की आमच्याकडे सरासरी सहाच वर्षं लागतात, तर वर्षाला सहा जण बाहेर पडायला हवेत. पदव्या चार. मग उरलेले दोघे पदवीविना गेले. बाहेर पडणाऱ्या तिघांतला एक! यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत कमाल मुदत सहा वर्षं आणि वाढीव दोन अशी आहे (महिला आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन). तेव्हा नऊ वर्षं असं उत्तर आलं की काहीतरी गंभीर बिघडलंय, असंच समजावं.

कुठे बिघडलंय ते दोन तारखांमधल्या अंतरात सापडतं. प्रबंध सादर केल्यापासून व्हायवापर्यंतचं सगळं सहा महिन्यांत व्हावं, अशी नियमांची अपेक्षा आहे. ते लांबतं तेव्हा कारण बहुधा विद्यार्थी नसतो. रेफरींची यादी प्रबंध आल्यावर करायला घेतली जाते, त्यातला एक नकार कळवतो, दुसरा उत्तरच देत नाही, राखीव नावं नसतात. यादी सारांशाच्या वेळीच मंजूर करून ठेवली तर हा वेळ सरळ वाचतो.

आरएसीपुढे दर सत्रात प्रगती मांडायची असते. बैठक झाली की नाही, एवढंच मोजणं कुचकामी. मागच्या बैठकीतल्या लेखी सूचनांचं पुढे काय झालं, ते बघा. सलग चार अहवालांत ‘प्रगती समाधानकारक’ एवढंच वाक्य असेल, तर ती समिती काम करत नाही. गाइडबाबतही तेच. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी ही मर्यादा फक्त संख्येची आहे. वेळ किती मिळतो ते त्यातून कळत नाही. ‘मार्गदर्शनाबद्दल समाधानी आहात का?’ याला सगळे हो म्हणतात. ‘शेवटचं प्रकरण कधी दिलं आणि लेखी शेरे कधी परत मिळाले?’ याचं उत्तर दिवसांत येतं.

ब्रिटनमध्ये 2007 पासून पीआरईएस नावाची, संशोधक विद्यार्थ्यांच्या अनुभवाची पाहणी होते. मार्गदर्शन, साधनं, संशोधकांचा सहवास, प्रगतीचं मूल्यमापन अशा गटांत प्रश्न असतात आणि ते गट आपल्याकडेही चालतील. अडचण आकाराची आहे. एखाद्या संलग्न कॉलेजच्या संशोधन केंद्रात सात-आठच संशोधक असतात. गाइड, प्रवर्ग, लिंग, प्रवेशवर्ष असं सगळं फॉर्मवर विचारलं की नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. दहापेक्षा कमी उत्तरं असतील तर निकाल वेगळा छापू नये, दोन-तीन वर्षांची उत्तरं एकत्र करावीत आणि फॉर्म विभागाबाहेरच्या माणसाने गोळा करावेत. दहापैकी आठ आणि दहापैकी सहा यांत फरक दोन माणसांचा, त्यावरून विभागांची क्रमवारी लावणं चूक. अमेरिकेत नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2010 मध्ये डॉक्टरेट कार्यक्रमांना एकेक क्रमांक देण्याऐवजी क्रमांकांचा पल्ला दिला, तो मला फार प्रामाणिक वाटतो. मात्र त्यांची माहिती 2005-06 ची होती. छापून येईपर्यंत विभाग बदलून गेले होते.

पैसा आणि साधनं तर सोप्या तारखांत मोजता येतात. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आहे, पण कोणत्या महिन्याची रक्कम कोणत्या महिन्यात खात्यावर जमा झाली? रसायनाचा इंडेंट (मागणीपत्र) दिल्यापासून बाटली हाती येईपर्यंत किती दिवस? नमुना तपासायला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात पाठवायचा तर शुल्क विभाग भरतो की विद्यार्थी? ग्रंथालय आणि प्रयोगशाळा संध्याकाळी सहानंतर आणि शनिवारी उघडी असतात का? कॉलेज आटपून बदलापूरहून कलिन्याला विद्यापीठात येणाऱ्या बाईंसाठी या शेवटच्या प्रश्नावर सगळं अवलंबून असतं.

पेपरांची संख्या मी यात घेणार नाही. प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती 2022 च्या नियमांनी काढून टाकली आहे. संख्येला गुण ठेवले की पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचंच फावतं.

तीन तक्ते पुरतील: प्रवेशवर्षानुसार प्रबंध सादर करणाऱ्यांची टक्केवारी, प्रत्येक टप्प्याला लागलेल्या दिवसांचा मध्यक आणि सोडून गेलेल्यांची कारणं. लहान विभागात कारणं एकत्रितच द्यावीत. प्रवेश परीक्षेची जाहिरात निघण्याआधी हे विभागाच्या संकेतस्थळावर यायला हवं, म्हणजे पुढची पाच-सहा वर्षं तिथे घालवणाऱ्या मुलामुलींना गाइड निवडण्यापूर्वी ते वाचता येईल.