अजिंक्यताऱ्यावरून कृष्णा-वेण्णा संगम

साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर बहुतेक लोक सूर्योदयाला जातात. कृष्णा-वेण्णा संगम पाहायचा असेल तर मी दुपारी चारनंतरच जा म्हणेन. संगमावरचं माहुली गाव गडाच्या पूर्वेला आहे. सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि थंडीत वेण्णेच्या खोऱ्यात धुकंही साचलेलं असतं. दुपारी ऊन पाठीशी येतं, पाणी चमकतं. महिना ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर. एप्रिल-मेच्या धुरकटीत नदी ओळखूच येत नाही आणि पावसाळ्यात गडच ढगात जातो.

गोडोली नाक्यावरून डांबरी रस्ता महादरवाजापर्यंत जातो. चालत जायचं तर अदालत वाड्याकडूनही वाट आहे, तासभर धरा. वर पिण्याच्या पाण्याचा भरवसा नाही. तळी आहेत, पण ते पाणी पिण्याचं नव्हे, शिवाय उन्हाळ्यात ती आटतात. माणशी दोन लिटर पाणी खालूनच घ्या.

दरवाजा आणि त्याचे दोन्ही बुरूज अजून शाबूत आहेत. आत शिरल्यावर मारुतीचं देऊळ लागतं. पुढे दूरदर्शनचा मनोरा डोळ्यांत भरतो, पण तिथे न रेंगाळता ताराराणींच्या वाड्याच्या पडक्या भिंतींवरून मंगळाईच्या देवळाकडे चालत राहा. खरी जागा तिथला बुरूज. औरंगजेबाचा वेढा 1699 च्या डिसेंबरात पडला. एप्रिल 1700 मध्ये मोगलांनी याच बाजूला सुरुंग उडवले. पहिल्याने तट आत कोसळून किल्ल्यातले लोक गाडले गेले, दुसऱ्याचा ढिगारा मात्र बाहेर, हल्ल्याला सज्ज असलेल्या मोगलांवरच पडला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी त्यानंतरही काही दिवस गड लढवला. हे माहीत असलं की त्या कड्याकडे बघण्याची नजरच बदलते.

आता संगम कसा शोधायचा ते. आधी पुणे-बेंगळुरू महामार्ग हेरा, मग त्याच्या पलीकडे, पूर्वेकडे जरंडेश्वराचा डोंगर. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात झाडीची गर्द ओळ दिसते, तीच नदी. कृष्णा वाईकडून, म्हणजे उत्तरेकडून येते. वेण्णा मेढ्याकडून, शहराच्या उत्तर अंगाने येऊन तिला मिळते. साध्या डोळ्यांना पाण्याची पट्टीच दिसेल, दुर्बीण असेल तर जवळ ठेवा.

बुरुजावर वारा जोराचा असतो. कड्याच्या टोकाला जाऊ नका, सुट्या मुरमावर पाय सरकतो. पावसाळ्यात तर दगडांवर शेवाळ असतं, चपला घालून येऊच नका.

उजेड असताना उतरून माहुलीला जाता आलं तर जरूर जा. शहरापासून पाचेक किलोमीटर. काठावर विश्वेश्वराचं देऊळ आहे, थोरल्या शाहू महाराजांची समाधीही तिथेच. घाटाच्या किती पायऱ्या उघड्या असतील हे पावसावर आणि धोम, कण्हेर धरणांतून सोडलेल्या पाण्यावर ठरतं. पाणी चढलेलं असेल तर वरच्या पायरीवरूनच पाहा.