आमची वाटचाल: 'निरंक' रिपोर्ट आम्ही का बंद केला

२००९ ला कोल्हापुरात शाहूपुरीत एक छोटा गाळा भाड्याने घेऊन मी आणि बायकोने दुसऱ्यांचे कॉम्प्युटर सर्व्हर सांभाळायचं काम चालू केलं, मी मशीन बघायचो, ती बिलं आणि हिशेब, आजही तीच बघते. कस्टमर म्हणजे शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्या आणि दोन-तीन पतसंस्था. विंडोज सर्व्हरचं लायसन त्यांना परवडायचं नाही म्हणून आम्ही सेंटओएस, म्हणजे रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची फुकट आवृत्ती, टाकून द्यायचो, आणि असं करत करत २०१४ पर्यंत चाळीसेक लिनक्स सर्व्हर आमच्या भरवशावर चालत होते.

रोज रात्री यमचा (सेंटओएसवर अपडेट बसवणारं टूल) सिक्युरिटी प्लगइन चालायचा आणि सकाळी मेल यायचा, सुरक्षेसाठी बदलावी लागणारी पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे तुकडे, शून्य. आम्ही महिन्याच्या रिपोर्टात 'निरंक', म्हणजे सुरक्षेचं एकही अपडेट बाकी नाही, असं लिहून सही करून द्यायचो, आणि मनापासून खरं समजून द्यायचो.

मग हार्टब्लीड आलं, म्हणजे ओपनएसएसएल या इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीतलं मोठं भगदाड. ८ एप्रिल २०१४, रामनवमीचा दिवस. सगळीकडे ओपनएसएसएलची बोंब आणि आमच्या मेलात तेच शून्य. आमच्याकडच्या पोराने साधं यम चेक-अपडेट मारलं, म्हणजे फक्त सुरक्षेची नाही तर सगळीच अपडेट विचारली, तर ओपनएसएसएलचं नवं पॅकेज समोर हजर! मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की रेड हॅटच्या रेपोत, म्हणजे पॅकेज जिथून उतरवायची त्या ऑनलाइन कोठारात, पॅकेजसोबत सूचनेची माहिती पण असते, कुठलं अपडेट सुरक्षेचं, कुठलं नुसत्या बगचं. सेंटओएसच्या रेपोत ती माहितीच नव्हती. मग प्लगइन शून्य म्हणणार नाहीतर काय करणार. सूचना निघत होत्या, पण मेलवर, माणसाने बसून वाचायच्या.

त्या आठवड्यात मी प्रत्येक कस्टमरकडे स्वतः गेलो आणि सांगितलं की आमचे आधीचे रिपोर्ट चुकीचे होते. एकाने काम काढून घेतलं. त्याचा राग नाही, तो त्याच्या जागी बरोबर होता.

त्या सूचनेच्या मेल आपोआप वाचणारी आमची स्क्रिप्ट तिथून सुरू झाली. सूचनेच्या मेलचा विषय ठरलेल्या साच्यात असायचा, म्हणजे 'सीईएसए-२०१४:०३७६, महत्त्वाचं, सेंटओएस ६, ओपनएसएसएल', सीईएसए म्हणजे सुरक्षा, सीईबीए म्हणजे बग, सीईईए म्हणजे सुधारणा. खाली आरपीएम, म्हणजे पॅकेजच्या, फाइलींची नावं. ती उचलायची, सर्व्हरवरच्या पॅकेजशी ताडून बघायची, झालं, असं वाटलं होतं. पण फाइलीच्या नावात ईपॉक (तुलना करताना आवृत्तीच्याही आधी बघायचा आकडा) नसतो, तो पॅकेजच्या आतून काढावा लागतो. मेलमध्ये सीव्हीई नंबर (प्रत्येक त्रुटीला जगभर दिलेला क्रमांक) नसायचे, ते रेड हॅटच्या ओव्हल फाइलीतून, म्हणजे प्रोग्रामला वाचता येणाऱ्या त्रुटींच्या यादीतून, घेऊन जोडले.

आणि सगळ्यात महागात पडलेली चूक आमचीच. जूनमध्ये ओपनएसएसएलचं पुढचं अपडेट आलं, हार्टब्लीडच्या वेळी पॅकेजच्या रिलीज नंबरच्या शेवटी ७ होता, आता १४. आमची स्क्रिप्ट आवृत्ती अक्षरं म्हणून तपासत होती, त्यामुळे १४ चा पहिला १ हा ७ पेक्षा लहान, म्हणून 'सर्व्हर पुढे आहे, काही करू नका'. परत निरंक! दोन दिवसांनी हाताने बघताना लक्षात आलं, तेव्हापासून आवृत्तीची तुलना आरपीएमच्याच लायब्ररीकडून करून घेतो, स्वतःची अक्कल त्यात घालत नाही.

अजून एक, पॅकेज नवीन बसलं तरी चालू असलेली वेबसर्व्हिस मेमरीतली जुनीच लायब्ररी वापरत राहते, म्हणून रिपोर्टात रिस्टार्ट झालं का याचा वेगळा कॉलम आहे. आणि ऑडिटर नेहमी विचारतात की आवृत्ती १.०.१ई म्हणजे धोक्याचीच ना, तर नाही, रेड हॅटवाले दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात, फक्त मागचा रिलीज नंबर बदलतो. हे मी इतक्यांदा समजावलंय की आता छापील कागदच ठेवलाय.

पुढे स्पेसवॉक, म्हणजे सगळे सर्व्हर एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर, बसवला, स्क्रिप्ट त्याच्या एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रामसाठी ठेवलेलं दार) सूचना भरायची, आधी ती सूचना आत आहे का बघून, नाहीतर डबल व्हायच्या. या कामावरच नवीन कस्टमर मिळाले, आज आम्ही सहा जण आहोत. २०२० जड गेलं, मे अखेरीला स्पेसवॉक बंद, डिसेंबरमध्ये जाहीर झालं की सेंटओएस ८ पण २०२१ अखेरपर्यंतच. आम्ही सेंटओएससारख्याच फुकट अल्मालिनक्सवर गेलो. तिथे सूचना रेपोतच मिळतात, त्यामुळे स्क्रिप्टचं निम्मं काम संपलं, उरलेलं निम्मं म्हणजे सगळ्या सर्व्हरच्या सूचना गोळा करून मराठीत रिपोर्ट काढणं, जो पतसंस्थेचे सचिव स्वतः वाचतात.

एका फाउंड्रीत अजून चार मशीनवर सेंटओएस ७ आहे, जुनं सॉफ्टवेअर हलत नाही म्हणून. त्याच्या अपडेट ३० जून २०२४ ला संपल्या. त्या मशीनसमोर आम्ही निरंक लिहीत नाही, 'सूचना येणं बंद' असं लाल अक्षरात लिहितो. मालकांनी दोनदा विचारलं की ती ओळ काढता येईल का, मी नाही म्हणालो, आणि आता दिवाळीनंतर ती मशीन बदलायचं कोटेशन त्यांनी मागितलंय.